मागच्या भिंतीचा पत्रा

त्या संध्याकाळी तू घोड्यावर उभी होतीस आणि मी खाली, घोडा धरून. तीन पायऱ्यांचा तो लोखंडी घोडा मोहोळच्या वेल्डिंगवाल्यानं करून दिलेला. त्याचा एक पाय पहिल्यापासून आखूड. कुणी धरल्याशिवाय त्यावर उभं राहता येत नाही. टाकीत काळ्या द्राक्षांचा रस आंबत होता आणि सालींचा जाड थर वर आला होता. तू त्याला साय म्हणायचीस. ती साय लाकडी दांड्यानं दाबून परत रसात बुडवायची, सकाळ, दुपार, संध्याकाळ. नाहीतर वरून बिघडत जाते आणि सगळी वाईन शिरक्यासारखी होते.

"नीट धरा की. पाडताय का मला?"

"तू हलू नकोस, मग मी नीट धरतो."

"न हलता साय कशी दाबायची, तेवढं सांगा."

मग दाबता दाबता तू थांबलीस. दांड्यावर हनुवटी टेकवलीस. म्हणालीस, "डोस्कं जड झालंय आज. वास लई मारतोय."

मी म्हणालो, "दोन हात मार आन् उतर. च्या टाक."

हे मी बोललो. हेच माझं शेवटचं धड बोलणं. तू दोन हात मारून उतरली नाहीस. कडेकडेनं सगळी साय बुडवलीस, पातेल्याची कड खरवडावी तशी, आणि मग माझ्या डोक्यावर हात टेकून खाली आलीस. रोज टेकायचीस. चहा केलास. माझा कप माझ्यापुढं ठेवलास, तुझा तसाच राहिला. "जरा पडते," म्हणालीस. सकाळी मी हाक मारली. परत मारली. मला वाटलं रुसलीस.

डॉक्टर म्हणाला, हार्ट. झोपेत बंद पडलं, त्रास झाला नाही. मी त्याला टाकीचं सांगितलं, आंबताना गॅस सुटतो, ही रोज त्यावर वाकायची, काल डोकं जड झालं म्हणत होती. तो म्हणाला, "एवढ्यानं नसतं होत, आप्पा. वय झालं होतं." मी त्याच्या तोंडाकडं बघत बसलो. त्याला जायची घाई होती. तो खरं बोलला असेल. पण माझं त्याच्यावर भागत नाही, इंदू.

तुझं नाव मी असं कधी घेतलं नाही. अगं म्हणायचो, ऐकलंस का म्हणायचो. लग्नात उखाण्यात घेतलं आणि त्यानंतर एकदम एक्साईजच्या ऑफिसात. साहेबानं विचारलं, लायसन कुणाच्या नावावर करायचं? मी तिसरीत शाळा सोडलेली, तू सातवी पास. रोज काय केलं, किती झालं, किती विकलं, ते लिहून खाली सही करायची, हे माझ्यानं होणार नव्हतं. म्हणून मी तुझं नाव सांगितलं. बाहेर आल्यावर तू म्हणालीस, "नाव घेताना लाजला व्हय? कान लाल झालेत." मी म्हणालो, ऊन लागलं. तू बस येईपर्यंत हसत होतीस.

नाव तुझं म्हणून बोलणी पण तुलाच. तुला दारूवाली म्हणायचे. मला कुणी दारूवाला म्हणालं नाही. मी पारावर जायचो, तंबाखू मळायचो, लोक सरकून जागा द्यायचे. "या आप्पा, बसा." आणि संक्रांतीला शांताबाईनं गल्लीतल्या सगळ्या बायकांना हळदीकुंकवाला बोलावलं, तुला सोडून. मधली भिंत तेवढी आपली आणि त्यांची. बायकांचं हसणं आपल्या स्वयंपाकघरात ऐकू येत होतं. तू भाकरी थापत होतीस. मी म्हणालो, जाऊ दे. तू म्हणालीस, "मी कुटं धरून ठेवलंय?" आणि भाकरी जरा जास्तच जोरात थापलीस. मी तेव्हा उठून शांताबाईच्या दारात जायला पाहिजे होतं. जाऊन म्हणायला पाहिजे होतं, की बाई, दारू काढायची अक्कल माझी आहे, हिची फक्त सही आहे. मी गेलो नाही. जेवायला बसलो.

आणि तू तर घोटभर पीत नव्हतीस. चमच्यावर घ्यायचीस, जिभेवर फिरवायचीस, अंगणात जाऊन चूळ भरायचीस. "तुळशीच्या अंगाला नको गं," मी म्हणायचो. "तुळशीला परवाना न्हाय, ठाव हाय मला," तू म्हणायचीस. पहिल्या वर्षी उरलेला चोथा म्हशीपुढं टाकला आणि म्हैस दिवसभर गोठ्यात पाय पसरून बसली. तेवढ्यात साहेब तपासणीला आले. प्यायला पण परवाना लागतो हे तू नुकतंच ऐकलं होतंस. सरळ तोंडानं विचारलंस, "साहेब, आमच्या म्हशीला बी परवाना काढावा लागंल का?" साहेबांच्या घशात पाणी अडकलं. मी भिऊन घामाघूम. मी साहेबाला लई भ्यायचो. तू भीत नव्हतीस. तुला भय नव्हतं म्हणून आपलं एवढी वर्षं चाललं. हे तुला सांगायचं राहिलं.

वाईन करणं अवघड नव्हतं. ती गिऱ्हाईकाच्या हातात देणं अवघड. आपल्या दारात विकायची मोकळीक होती, पण आपल्या दारात येतंय कोण? उसाच्या ट्रॅक्टरनी रस्ता खचवलेला. सोलापुरात विकायची तर होलसेलवाल्याकडं द्यायची, त्यानं दुकानाला द्यायची. आपण थेट दुकानाला देऊ शकत नाही. होलसेलवाल्यानं विचारलं, महिन्याला किती खोकी देणार? तू म्हणालीस, "दादा, आमी दोन म्हातारी माणसं. तुमी महिन्याला जेवढं मागताय तेवढं आमचं वरीसभराचं बी न्हाय." तो हसला. वाईट माणूस नव्हता. म्हणाला, "मावशी, मग माझा टेम्पो तुमच्या गावाला कशाला येईल?" शेवटी घेतली त्यानं थोडी. वर एकावर एक फुकट मागून घेतली.

भवानी पेठेतल्या दुकानदाराला आपली वाईन आवडायची. तो स्वतः म्हणायचा, मावशी, तुमची बाटली ठेवली की शिकलेली पोरं विचारत येतात. एकदा तू म्हणालीस, मी पिशवीतनं आणून देते, मधला माणूस कशाला? त्यानं हात जोडले. "तुमच्या हातनं एक बाटली घेतली तर माझं दुकान बंद, मावशी. आणि तुमचं पण." त्याच दिवशी तू आत वाकून बघितलंस. आपल्या बाटल्या खालच्या फळीवर, कोपऱ्यात. वर सगळी मोठ्या कंपन्यांची रांग, दिवे लावलेली. तू खाली बसलीस आणि एकेक बाटली काढून पदरानं पुसलीस. धुळीचा काळा पट्टा पदरावर आला. मग भाव विचारलास. त्यानं सांगितला. तू माझ्याकडं बघून म्हणालीस, "आवं, आपलीच हाय, पर आपल्याला परवडायची न्हाय." दुकानदार हसला, मी पण हसलो. बसमध्ये तू खिडकीकडं तोंड करून बसलीस. मला वाटलं झोप लागली.

सुमनचं सासर विजापूरकडं. दरसाल तिला द्राक्षाची पाटी जायची, एसटीत ठेवली की संध्याकाळी पोचली. जावई म्हणाले, एकदा तुमची वाईन पाठवा की. तर ते दुसरं राज्य. त्याचा वेगळा परवाना, वेगळी फी. तू म्हणालीस, "द्राक्षाला राज्य न्हाय, रसाला राज्य हाय व्हय?" मी म्हणालो, तू पिशवीत घालशील आणि लायसन जाईल. तू ऐकलंस. माझं म्हणून ऐकलंस, पटलं म्हणून नाही. तुझ्या हातचं तुझ्या लेकीच्या घरात कधी गेलं नाही.

हे सगळं मी आता का उगाळतोय, तर मला त्या पत्र्यापर्यंत यायचंय. सरळ येववत नाही.

बाटल्या मूठभर करा नाहीतर कारखाना भरून करा, लेबलाची फी दरसाल भरायचीच. ती भरली नाही तर बाटलीवर कागद चिकटवता येत नाही, आणि कागद नाही तर बाटली दाराबाहेर नाही. फी भरून गड्याला ठेवणं होईना, म्हणून गडी सोडला आणि साय दाबायला तू चढायला लागलीस. मी चढायचं म्हणालो होतो. तू म्हणालीस, "तुमचं वजन त्या घोड्याला झेपायचं न्हाय. मी हलकी हाय." होतीस हलकी. मी मान्य केलं. मला बरंच झालं.

तू चढायला लागलीस त्या पहिल्याच हंगामात म्हणालीस, शेडमध्ये पंखा पाहिजे. मागच्या भिंतीला, आतली हवा बाहेर ओढणारा. टाकीवर वाकलं की नाकात झोंबतं, डोळ्याला पाणी येतं. मी म्हणालो, औंदा लेबल भरू, पुढच्या साली पंखा. पुढच्या साली पण लेबलच भरलं. तू एकदा म्हणालीस, "लेबल बाटलीला. मला काय लावणार?" मी म्हणालो, खिडकी हाय की. खिडकी आहे. ती आपल्या घराच्या भिंतीकडं तोंड करून आहे, तिच्यातनं चिमणी पण वारा आणत नाही. मला माहीत होतं.

मग याच हंगामात, द्राक्षं तुडवून टाकीत भरली त्या दिवशी, तू म्हणालीस, "पंखा ऱ्हाऊ द्या. मागच्या भितीचा वरचा एक पत्रा तेवढा काढा. आपोआप वारा खेळंल."

मी म्हणालो, "तसा काढता येत न्हाय. शेडचा नकाशा साहेबानं पास केलाय. भितीला भोक पाडायचं तर परवानगी लागती."

"मग इचारा की साहेबाला."

"इचारतो."

"कवा?"

"इचारतो म्हणलं की!"

ओरडलो मी. त्याच दमात असंही म्हणालो, की ही टाकी शेवटची. पुढच्या साली माल बेदाण्याला घालायचा आणि ही कटकट बंद. तू दांडा धूत होतीस. म्हणालीस, "बंद करायचं तर करा, पर माझ्यामुळं बंद केलं म्हणू नका." ते भांडण तसंच राहिलंय बघ, धुऊन भिंतीला लावलेल्या दांड्यासारखं. मला तुला सांगायचं होतं, की तुझ्यामुळं नाही. तू दमलेली दिसायचीस आणि मला ते बघवत नव्हतं. तेवढं गोड बोलणं मला कधी जमलं नाही. बंद करायचं म्हणून ओरडणं जमलं.

मी साहेबाला विचारलंच नाही. साहेब मधे एकदा येऊन गेले, तू चहा दिलास, त्यांनी तुझ्या सह्या बघितल्या आणि गेले. तू दारातनं मला डोळ्यानं खुणावत होतीस. विचारा, विचारा. मी मान खाली घालून सुपारी कातरत बसलो. म्हटलं, विचारायला गेलो आणि त्यानं दुसरंच काही काढलं तर? नको उगाच.

तुला नेलं तेव्हा साहेब आले होते. वर्दी न घालता, साध्या कपड्यात. लांब उभे राहिले. आता तुझ्यापुढं खोटं काय बोलू, तुला अग्नी देताना माझ्या डोक्यात टाकी होती. सकाळची साय दाबली नाही. दुपारची दाबली नाही. तू जळत होतीस आणि मी साय मोजत होतो. माझी मलाच एवढी लाज वाटली, की लोकांना वाटलं म्हातारा रडून रडून वाकलाय, दोघांनी दंडाला धरलं.

सगळे पांगल्यावर साहेब जवळ आले. म्हणाले, "आप्पा, मावशी लई चांगल्या होत्या." मग जरा थांबून, "आता ही वेळ नाही, पण सांगावं लागतं. लायसन त्यांच्या नावावर होतं. वारसाचं नाव लागेपर्यंत काही विकू नका. शेडमधल्या मालाला हात लावू नका. पुढचं मी वर विचारून सांगतो."

"टाकीत माल हाय साहेब. आंबतोय."

"मग... ते आंबणं तेवढे दिवस थांबवता येणार नाही का?"

मी म्हणालो, "तुमी सांगून बघा त्याला."

त्यांना राग आला नाही. मान हलवली. मग मी विचारलं. तिथं, तुझ्या चितेपुढं विचारलं. "साहेब, शेडच्या मागच्या भितीचा एक पत्रा काढला असता, वाऱ्याला, तर चाललं असतं का?"

त्यांना कळेना मी आत्ता हे का विचारतोय. म्हणाले, "एवढंच ना? एक साधा अर्ज दिला असता तरी चाललं असतं, आप्पा. का?"



संध्याकाळी कडू घास घेऊन शांताबाई आली. पिठलं आणि भाकरी. हळदीकुंकवाला न बोलावणारी. तिनं स्वतःच्या हातानं सासरहून आलेल्या सुमनला भरवलं, मला भरवलं, आणि रडायला लागली. "माझी भिताडाआडची गेली हो आप्पा." मला तिला बोलायचं होतं. पण माझ्या तोंडात तिचा घास होता. आणि ती खरंच रडत होती, इंदू. ती न बोलावणारी, आणि मी न विचारणारा. मी तिला काय बोलणार होतो?

सकाळी बायका जमल्या. तू जिथं गेलीस तिथं पीठ पसरून दिवा ठेवला होता, वर पाटी पालथी. पाटी उचलून बघायचं, पिठात कशाचं पाऊल उमटलंय, म्हणजे माणूस कुठल्या जन्माला गेलं ते कळतं म्हणतात. सगळ्या वाकल्या.

"पाखराचं दिसतंय गं."

"छ्या, गाईचं हाय. नीट बघ, खूर हाय खूर."

"मुंगीनं वडलंय ते. सरका जरा, उजेड येऊ द्या."

मला पण बोलावलं. मी गेलो नाही. मी शेडकडं निघालो. सुमन मागं धावली. "आप्पा, कुटं निघाला? सुतक हाय. आन् साहेबानं हात लावू नका म्हणलंय न्हवं?"

शेडचं दार उघडलं तर वास बदललेला. साय फुगून टाकीच्या काठाला आली होती, वरून वाळून तिला भेगा पडल्या होत्या. मी दांडा घेतला आणि घोड्यावर चढलो. घोडा डुगडुगला. एवढ्या वर्षांत मी त्याच्यावर पहिल्यांदा चढलो. साय फोडायला वाकलो आणि त्या भेगेतनं जो गॅस वर आला, तो सरळ नाकातनं मस्तकात गेला. डोळ्यापुढं काळं झालं. श्वास ओढावा तर आत काही येईना. मी दांडा सोडून टाकीचा काठ धरला. सुमननं कमरेला मिठी मारून मला खाली घेतलं. "आप्पा, काय झालं? आप्पा!"

खाली एवढं नसतं, इंदू. खाली गोडसर वास येतो नुसता. मी रोज खाली उभा होतो.

मी बाहेर येऊन बसलो. श्वास जागेवर आल्यावर गोठ्यातनं पहार आणली आणि शेडच्या मागं गेलो. सुमन विचारत विचारत मागं आली. तू दाखवला होतास तोच वरचा पत्रा. कडेला पहार घालून जोर लावला. आवाज ऐकून बायका पिठावरनं उठून आल्या. शांताबाई म्हणाली, "अगं बया, आप्पाचं डोस्कं फिरलं." पहिला बोल्ट तुटला, गंजलेलाच होता. मग दुसरा. मग पत्रा आपल्या वजनानंच लोंबला आणि खाली आला. बाहेरचं ऊन सरळ टाकीवर पडलं. मागच्या रानातला वारा आत शिरला आणि भिंतीला लावलेलं तुझं फडकं हलायला लागलं. साहेब येतील, विचारतील. मी सांगेन, मी काढला, मी न विचारता काढला.

मग मी परत घोड्यावर चढलो. सुमननं घोडा धरला. मी साय दाबली, सगळी, कडेकडेनं, तू दाबायचीस तशी. डोकं जड झालं नाही. नुसता वारा लागत होता तोंडाला.

बायका दारात उभ्या होत्या. मी वरनंच त्या भोकाकडं बघितलं. पहारीचे थोडे घाव. एवढंच काम होतं, इंदू.